घोडीचं अंग मोकळं करताना

मी माणसांची फिजिओथेरपिस्ट आहे. हे मला सासरी आल्यापासून फार जोर देऊन सांगावं लागलं आहे, आणि मी सांगत असताना ऐकणारे बहुतेक वेळा घोडीकडे बघत असायचे.

माझं क्लिनिक रहाटणीत आहे. तिथे येणारी माणसं दिवसभर संगणकापुढे बसून मान आखडून घेतात, आणि मग माझ्याकडे येऊन म्हणतात, मॅडम, आजच बरं वाटलं पाहिजे, उद्या मीटिंग आहे. मी हात फिरवते, शेक देते, घरी करायचे व्यायाम करून दाखवते. पुढच्या वेळी विचारलं की म्हणतात, केले की, जमेल तसे. 'जमेल तसे' म्हणजे अजिबात नाही, हे समजायला मला फार दिवस लागले नाहीत. या लोकांमुळे माझा स्वभाव तापट झाला असं माझा नवरा म्हणतो. स्वभाव पहिल्यापासूनच तसा होता असं माझी आई म्हणते.

माहेर माझं भोसरीचं. वडील लातूरकडून आले, एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागले आणि तिथेच भाड्याच्या दोन खोल्यांत आमचा संसार झाला. त्या खोल्यांत पाळीव प्राणी म्हणून एक पाल होती, आणि तीही घरमालकाची. अशा घरातून मी चऱ्होलीला, जुन्या गावकऱ्यांच्या घरात नांदायला गेले. शेतं होती तिथे आता इमारती उभ्या आहेत, पण घरामागचा गोठा शाबूत आहे आणि त्या गोठ्यात तांबडी घोडी आहे. लग्न होऊन उंबरा ओलांडला, तर सासऱ्यांनी मला आधी घोडीकडे नेलं आणि मग देवघराकडे. दोन्हीकडे नमस्कार कर असं म्हणाले नाहीत, पण थांबले मात्र तेवढा वेळ.

ही घोडी वरातीची नाही, हे गावात कुणी विसरलं तर सासरे त्याला चहा पाजून समजावतात. आमच्या भागात जत्रेला बैलगाड्यांच्या शर्यती होतात. चढाची लांब धावपट्टी असते, तिला घाट म्हणतात. बैलांच्या पुढे स्वार घेऊन एक घोडी पळते आणि तिच्यामागे बैल जीव खाऊन धावतात. ही ती घोडी. कितीतरी वर्षं तिनं हा घाट गाजवला होता. सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, आणि आबा घोडीला बाय म्हणतात. सासूबाईंना ते 'अगं ऐकलं का' म्हणतात.

आबांसमोर घोडीला नावं ठेवायची नाहीत, हा घरातला सगळ्यात मोठा नियम. तिनं माझ्या नवऱ्याचा शर्ट चावला, तर शर्टाचा रंग भडक होता. तिनं बादली लाथाडली, तर बादली वाटेत ठेवणारा गाढव होता. एकदा पाहुण्यांसमोर तिनं मोठ्ठा आवाज केला, तेव्हा आबांनी शांतपणे खुर्ची सरकवली आणि म्हणाले, खुर्ची वाजती आमची. पाहुणे थोर मनाचे होते, त्यांनी मान डोलावली.

तर एका वर्षी घोडी आखडली. त्याला कारण माझा नवरा. तो चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, आणि कंपनीत शिकवलेला टापटिपीचा धडा त्यानं गोठ्यावर गिरवला. मातीची जमीन उकरून सिमेंटचा कोबा केला, पिवळे पट्टे मारले, 'चारा' आणि 'पाणी' अशा पाट्या लावल्या. घोडीला वाचता येत नाही हे मी लक्षात आणून दिलं, तर म्हणाला, सिस्टिम लागली पाहिजे. त्यात मागच्या वाटेवर ड्रेनेजसाठी खोदकाम निघालं आणि घोडीचं रोजचं फिरणं बंद झालं. कडक कोब्यावर दिवसभर एकाच जागी उभं राहायचं आणि संध्याकाळी तिथल्या तिथे वळायचं. काही दिवसांनी ती गोठ्यातून बाहेर पडताना माझ्या पेशंटांसारखी चालायला लागली. आधी थोडा वेळ विचार, मग एक पाऊल, मग पुन्हा विचार.

घोडीवर स्वार होणारा माझा चुलत दीर. तो पारावर बोलून गेला की बाय आता थकली, यंदा दुसरी घोडी बघू. भाऊकी बसली होती, चहा चालला होता आणि भोसरीचा एक बँडवाला लग्नाची सुपारी घ्यायला गावात आलेला, तोही तिथेच होता. आबा तडकले. म्हणाले, यंदा बायनं घाट पुरा केला न्हाई, तर ह्या बँडवाल्याला देऊन टाकीन वरातीला. असं बोलायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बँडवाला चहा संपवून म्हणाला, मग मी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन येतो. आबांचा शब्द म्हणजे शब्द. तो परत घेतलेला गावात कुणी पाहिलेला नाही.

घरी येऊन ते जेवले नाहीत. घाटातली घोडी डीजेपुढे उभी राहणार, तिच्या गळ्यात लुकलुकते दिवे घालणार, कुणाचातरी भाचा तिची शेपटी ओढणार, हे त्यांच्या डोळ्यांपुढे येत होतं. ते गोठ्याच्या दारात बसून राहिले. मला त्यांचा राग आला आणि वाईटही तितकंच वाटलं. रागवायला सोपं जात होतं, म्हणून मी रागवून भांडी घासली.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी खूर बघितले, पायाच्या शिरा चाचपल्या, ताप मोजला. लंगडत नाही, दुखणं काही नाही, म्हणाले. उभं राहून राहून अंग जखडलंय. कोब्यावर जाड भुसा घाला, रोज मऊ जमिनीवर चालवा, आणि चालवायच्या आधी सावकाश खरारा करा. नुसती धूळ झाडायला नाही. खराऱ्यानं अंगावरचं कातडं हलतं, रक्त फिरतं, स्नायू ऊबदार होतात, आणि मुख्य म्हणजे कुठे दुखतंय ते हाताला कळतं. पळणं त्यानं येणार नाही, पळायला अंग तयार होईल. पुढे त्यांनी विचारलं की घरात स्नायूंचं कुणाला काही कळतं का. सासूबाई, नवरा आणि चुलत दीर, तिघांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, मी माणसांची फिजिओथेरपिस्ट आहे. ते सगळे तोवर घोडीकडे बघायला लागले होते.

आबांना हा सगळा प्रकार मुळीच पटला नाही. घोडीचं अंग चोळायचं म्हणजे घोडीत काहीतरी कमी आहे हे कबूल करायचं. "बायला काय बी झालेलं न्हाई," ते म्हणाले. "फरशी वाईट हाय. घोडी काय चोळून पळती व्हय? आमच्या वक्ताला कुनी घोडीला मालिश केलं न्हाई." एवढं बोलून ते गोठ्यातून निघून गेले, आणि त्यानंतर उपचाराच्या वेळी तिकडे फिरकायचे नाहीत. नवऱ्यानं भुसा आणून टाकला. पाट्या मात्र काढल्या नाहीत.

मी नियम घालून दिला. दिवसातून एकदा, संध्याकाळी, क्लिनिकमधून आल्यावर, मी एकटी. बाकी कुणी हात लावायचा नाही. जास्त चोळलं की कातडं हुळहुळं होतं आणि जनावराला वाईट सवय लागते, हेही नीट समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या धंद्यात इतकी वर्षं काढून मी त्या मानांवर विश्वास कसा ठेवला, ते मला आजही कळत नाही.

पहिल्या संध्याकाळी मी घाबरत घाबरत आत गेले. मानेपासून सुरुवात केली. रबराचा खरारा हातात धरून गोल गोल फिरवायचा, हाडावर जोर द्यायचा नाही, मांसल जागी थोडा वाढवायचा. मानेवरून खांद्यावर, खांद्यावरून पाठीवर, जिथे खोगिराचा भार येतो तिथे अगदी हळू. त्यावरून केसांच्या दिशेनं मऊ ब्रश. खोगिराच्या मागच्या बाजूला हात गेला तशी घोडीनं कान मागे पाडले आणि माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरले. तिथे गाठ होती. मी तळहात नुसता ठेवला, ऊब दिली, बोटांनी कडेकडेनं दाबत गेले. थोड्या वेळानं तिची मान खाली आली, खालचा ओठ सैल पडून लोंबायला लागला आणि डोळे अर्धे मिटले. एवढी खरी बोलणारी पेशंट मला त्याआधी मिळाली नव्हती. माझे पेशंट दुखत असलं तरी 'इट्स ओके' म्हणतात.

ब्रश झाल्यावर कोरडा टॉवेल झटकून हवेत उंच धरायचा आणि मग अंगावर टाकून चोळायचं, असा माझा शेवट असायचा. तो टॉवेल वर गेला की घोडीला कळायचं, आता खरी मजा. ती पाय रोवून उभी राहायची आणि पूर्ण अंग माझ्यावर टाकायची. पहिल्या दिवशी मी भिंत आणि घोडी यांच्यामध्ये सापडले आणि नवरा बाहेरून येईपर्यंत तिथेच होते. हाक मारायला आबा होते, पण ते फिरकत नव्हते.

त्यानंतर गाजर. गाजर तिच्या खांद्यापाशी धरायचं, मग बरगडीपाशी, मग पार मागे, म्हणजे ती आपणहून मान वळवून अंग ताणते. दोन्ही बाजूंनी सारखं. ती एकही व्यायाम चुकवायची नाही. क्लिनिकच्या टेबलावर गाजरांची टोपली ठेवावी असं मला मनापासून वाटायला लागलं. व्यायाम झाला की खोदकामाला वळसा घालून मागच्या मोकळ्या प्लॉटवर, अर्ध्या बांधलेल्या इमारतींच्या मधल्या मातीत तिला हातानं धरून चालवायचं. समोरच्या सोसायटीतल्या बायका गॅलरीत येऊन बघायच्या. सुरुवातीला त्या लिदीच्या वासाची तक्रार करत. पुढे कुंड्यांसाठी तीच लीद मागायला यायच्या आणि तक्रारही सोबत आणायच्या.

घोडी सुधारली. आधी जिथे पुढचा पाय पडायचा त्याच्या अलीकडेच मागचा अडखळायचा. आता मागचा पाय पुढच्याच्या ठशात पडायला लागला. पाठ सैल झाली, वळताना पूर्ण अंग ओंडक्यासारखं फिरायचं ते थांबलं. चुलत दिरानं तिला माळावर जरा पळवून बघितलं आणि खाली उतरून मला नमस्कार केला, म्हणाला, वहिनी, माझी पण पाठ बघा ना. मी क्लिनिकमध्ये पेशंटांना तिचं उदाहरण द्यायला लागले. माझ्या एक वयस्क पेशंट आहेत, मी म्हणायचे, उभ्यानं काम, अंग पार जखडलं होतं, पण रोज नेमानं व्यायाम करतात. एका मॅनेजरनं विचारलं, कुठल्या कंपनीत आहेत त्या? मी म्हटलं, घरचा व्यवसाय आहे.

पण काही गोष्टी मला खटकत होत्या. घोडी फारच चकचकीत दिसत होती. मी एकदा खरारा करते आणि इतकी चमकते, हे मला माझ्या हाताचं यश वाटत होतं. घरातले टॉवेल कमी व्हायला लागले. अंघोळ करून मी ओलीच हाका मारत राहायचे आणि सासूबाई पदर पुढे करायच्या. फ्रिजमधलं गाजर टिकेना. नवऱ्याच्या कंपनीच्या शर्टावर तांबडे केस दिसायचे, तो म्हणायचा, कंपनीत मशीन पुसायच्या चिंध्या आता हलक्या येतात, धागे सुटतात. घोडी तर अशी शेफारली की खांद्यावर पंचा टाकून दूधवाला आला तरी तिची कूस त्याच्याकडे वळायची. दूधवाला भला माणूस. त्यानं मला विचारलं, हिला माझ्याकडून काय पायजे? मी म्हटलं, ती सगळ्यांशीच मिळून मिसळून वागते. इतकं डोळ्यांपुढे असून मला कळलं नाही, कारण मी माझ्यावरच खूश होते.

जत्रेचा दिवस उजाडला. घाटाच्या दोन्ही बाजूंना माणूस मावत नव्हता. वर निशाणाजवळ मांडवात पंच, माईकवर एक घसा बसलेला माणूस, खाली धावपट्टीच्या सुरुवातीला बैल आणि त्यांच्यापुढे आमची घोडी. मी आणि सासूबाई बायकांच्या बाजूला, नवरा खालच्या अंगाला, आबा एकटेच वर, निशाणाजवळ गर्दी अडवायच्या दोरीला धरून. त्यांनी सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. आम्ही घरातली चौघंही त्या घटकेला घोडीखेरीज कशाचाच विचार करत नव्हतो.

आणि घोडी पळाली. काय पळाली. मी रोज जे अंग हाताखाली घेत होते ते मला पहिल्यांदा धावताना दिसत होतं. खांदा पुढे सुटत होता, पाठ लवत होती, मागचे पाय अंगाखाली खोल येत होते आणि चुलत दीर तिच्यावर नुसता चिकटून बसला होता. मागे बैल माती उडवत येत होते. मी शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरून तिला सांगत होते की तो खांदा माझा आहे. ती म्हणाली, असू दे, असू दे.

निशाण आता अगदी जवळ आलं. तिथली गर्दी उसळली आणि आमच्याकडे जसं करतात तसं सगळ्यांनी खांद्यावरचे, डोक्यावरचे टॉवेल, पंचे, उपरणी काढून हवेत उंच धरली आणि गरागरा फिरवायला सुरुवात केली.

घोडीनं ते बघितलं. एवढे टॉवेल. एवढी माणसं. सगळी तिचंच अंग चोळायला आलेली. ती निशाणाच्या तोंडाशी बाजूला झाली, थांबली, पाय रोवले आणि गर्दीकडे कूस करून उभी राहिली.

बैल तिच्या शेजारून धडधडत निशाणापार गेले. त्यांची बारी, म्हणजे त्यांची धाव, उत्तम झाली, त्यांना बक्षीसही मिळालं. चुलत दीर टाचा मारत होता, चुचकारत होता, खाली वाकून तिच्या कानात काहीतरी विनवत होता. घोडीचा खालचा ओठ लोंबायला लागला होता. माईकवरचा माणूस म्हणाला, घोडीवाल्यांनी आपली घोडी काढून घ्यावी, पुढचा गाडा तयार आहे. काही वेळानं म्हणाला, कृपया घोडीवाल्यांनी घोडीची समजूत काढावी. लोक हसून हसून एकमेकांवर पडत होते आणि प्रत्येकाचा मोबाइल वर होता.

मी दोरीखालून वाकून धावले. ती का थांबली ते मला कळलं होतं, आणि काय केल्यावर हलेल तेही. एका माणसाच्या हातातला पंचा हिसकावला आणि घोडीजवळ पोचले, तर पलीकडून माझा नवरा कमरेला बांधलेला टॉवेल सोडत येत होता. त्याच्यामागे सासूबाई, पदर खोचून, हातात कुणाचंतरी उपरणं. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. घोडीनं आम्हाला बघितलं. तिनं मानेची डावी बाजू सासूबाईंपुढे केली, मागचा पुठ्ठा माझ्या नवऱ्याकडे वळवला आणि खोगिरामागची जागा माझ्या पुढ्यात आणली. कुणाला कुठे उभं राहायची सवय आहे ते तिला पाठ होतं.

मी म्हटलं, तुम्ही? नवरा म्हणाला, फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर थोडंसं, रोज. सासूबाई म्हणाल्या, पहाटं दूध यायच्या आधी, आमचं आपलं उगीच. प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्यांना काळजी नाही, आपणच तेवढे करतो आहोत. तीन पाळ्यांत काम चालू होतं आणि एका पाळीनं दुसऱ्या पाळीला काही सांगायचं नाही, असं कारभाराचं स्वरूप. चाकणच्या कंपनीत असं झालं असतं तर माझ्या नवऱ्यानं पाट्या लावल्या असत्या.

आम्ही तिघं चोळत होतो आणि घोडी तरीही हलत नव्हती. ती मान लांब करून दोरीकडे बघत होती. दोरीपाशी आबा उभे होते. गाव बघत होतं, भाऊकी बघत होती, बँडवाला पहिल्या रांगेत होता. आबांनी दोरी वर केली, आत आले, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि घोडीपुढे उभे राहिले. तिनं कपाळ खाली करून त्यांच्या छातीला टेकवलं. कानांच्या मधली जागा त्यांची होती. दुपारी, आम्ही दोघं कामावर आणि सासूबाई जरा पडलेल्या असताना. त्यांनी तिथे सावकाश चोळलं, जसं रोज करत असणार तसं, आणि तोंडानं बारीक आवाज केला. घोडी लगेच वळून त्यांच्यामागे चालायला लागली. पळण्याइतकीच ती चालही सुंदर होती, पण तेव्हा ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

संध्याकाळी सगळ्यांनी आबांची समजूत घालून बघितली. चुलत दीर म्हणाला, आबा, घोडीत काही कमी नव्हतं, लोकांनी टॉवेल फिरवले म्हणून. पंचही येऊन गेले, म्हणाले, हे मनावर घेण्यासारखं नाही. आबा एवढंच म्हणाले की घाट पुरा झाला न्हाई, ते मी माज्या डोळ्यांनी बघितलंय. मी घरातल्या सगळ्यांना खूप बोलले, एका माणसानं सांगितलेलं ऐकता येत नाही का, म्हणून. बोलून झाल्यावर मलाच रडू आलं. सासूबाईंनी डोळे पुसायला टॉवेल शोधला, तो नव्हताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँडवाला टेम्पो घेऊन आला. त्याला घोडी आता मनापासून हवी होती, कारण तिचा व्हिडिओ पार भोसरीपर्यंत पोचला होता आणि लोक त्याला तीच टॉवेलवाली घोडी मागत होते. आबांनी घोडीला स्वतः धुतलं होतं. नवी दोरी लावली होती. ते तिला अंगणात घेऊन आले आणि दोरीचं टोक पुढे केलं. माझा नवरा दुसरीकडे बघत होता. चुलत दीर आलाच नाही. मी दारातून सगळं बघत होते आणि मला त्या शब्दाचा, त्या पाराचा, त्या चहाचा आणि आबांचा भयंकर राग येत होता.

आमच्याकडे जनावर घेताना घेणारा एक प्रश्न विचारतोच. काही खोड आहे का? आणि देणाऱ्यानं त्याचं खरं उत्तर द्यायचं असतं. बँडवाल्यानं रीत म्हणून विचारलं. या अंगणात त्याचं 'काही खोड नाही' हे उत्तर इतकी वर्षं ठरलेलं होतं, आणि वेगळं उत्तर देणाऱ्याला चहासुद्धा मिळाला नव्हता.

आबांनी दोरी माझ्या हातात दिली. बँडवाल्याचा दंड धरून त्याला टेम्पोच्या पलीकडे नेलं आणि अगदी खालच्या आवाजात बोलायला लागले. मी कान देऊन ऐकत होते. "चावती," ते म्हणाले. "नवरदेवाला तर हमखास चावंल. फेटा खाती. दिव्याला भिती, ढोलाला भिती, तुतारी ऐकली की खालीच बसती. आन लग्नात नाचनारं लोक हात वर करत्यात का न्हाई? ही तितंच थांबती. चोळल्याबिगर हलत न्हाई. येकाला चोळून भागत न्हाई, चौघं लागत्यात. तुजं मुहूर्त समदं चुकनार बग." मग ते फार पुढे गेले. ती आळशी आहे म्हणाले. खादाड आहे, डूख धरते, रात्री घोरते. यातल्या निम्म्या खोडी आम्हाला कुणालाच माहीत नव्हत्या. ते सांगत होते आणि सांगताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तरी थांबत नव्हते.

बँडवाल्यानं टेम्पोचा मागचा फळका परत लावला. म्हणाला, आबा, एवढं मला नाही जमायचं. टेम्पो रिकामा परत गेला.

आबा टेम्पोच्या जागेवरून अंगणात आले. माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या नवऱ्याकडेही नाही. माझ्या हातातली दोरी घेतली, घोडीच्या कपाळावर हात ठेवला आणि तिच्या कानाशी वाकले.

"तुजं न्हाई, बाय," ते म्हणाले. "दुसऱ्या येका घोडीचं चाललं हुतं."